सूर्यवंशी सरांची सायटेशन्स

प्रयोगशाळेतली उपकरणं गंजतात, पोरं पास होऊन पुण्याला जातात, पण किस्से कुठं जात नाहीत. नांदेडच्या आमच्या कॉलेजात, फिजिक्सच्या स्टाफरूममध्ये ते साचत राहतात. पूर्वी सांगताना हसू यायचं. आता निम्म्यातच लाज वाटायला लागते, तरी सांगतो.

सूर्यवंशी सर आमचे विभागप्रमुख, विषय क्वांटम कॉम्प्युटिंग. त्यांचा एक पेपर परदेशी जर्नलमध्ये छापून आला आणि जगभरातले संशोधक आपापल्या पेपरात त्याचा उल्लेख करू लागले. असा एक उल्लेख म्हणजे एक सायटेशन. सर रोज सकाळी मोबाइलवर आकडा बघायचे आणि आम्ही मोंढ्याच्या बाजारात हळदीचा भाव विचारावा तसं विचारायचो, "सर, आज भाव काय?"

"तेजी हाय," सर गंभीरपणे सांगायचे.

* * *

एकदा कॉलेज तपासायला कमिटी येणार होती. प्राचार्यांनी सरांना विचारलं, आपला क्वांटम कॉम्प्युटर कुठं ठेवलाय? सर म्हणाले, आपलं काम सगळं कागदावरचं, मशीन नाही.

"मग कागद जिथं हायेत ती खोली दाखवू," प्राचार्य म्हणाले.

एका खोलीला रंग दिला, दारावर 'क्वांटम संगणक केंद्र' अशी पाटी लावली. आत मोडके पंखे होते. कमिटीनं दार उघडायला सांगितलं तेव्हा किल्ली काही सापडेना. ती माझ्याच खिशात होती.

* * *

आकडा फुगला तसा चौकात फ्लेक्स लागला. मधोमध सर, वर 'जगाने घेतली दखल', आणि खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही सगळे. मी तर हौसेनं गॉगलवाला फोटो पाठवला होता!

* * *

सुनीता ही सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, धर्माबादकडच्या खेड्यातली. सरांचा उल्लेख असलेले सगळे पेपर तिनं बसून वाचले. आमच्यापैकी एकानंही ते वाचले नव्हते. आम्हाला आकडा पुरत होता.

एक दिवस ती स्टाफरूममध्ये आली. मी सरांच्या शेजारीच चहा पीत होतो.

"सर, तुमचं सूत्र कुठं चुकलं हे सांगायलाच सगळ्यांनी तुमचं नाव घेतलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "माझं चौथं प्रकरण त्याच सूत्रावर उभं हाय."

सरांनी हातातला मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाले, लातूरचा सत्कार होऊन जाऊ दे, मग बघू. मी कपात बघत राहिलो.

* * *

लातूर सरांचं गाव. सत्काराला मीही गेलो होतो. भाषणात खरं सांगून टाकायचं, असं सरांनी जाताना बसमध्येच मला सांगितलं होतं. पण आयोजकांनी सरांच्या शाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींना स्टेजवर आणलं, आणि गुरुजी माइक धरून रडायलाच लागले. सरांनी सगळ्यांचे आभार मानले आणि ते खाली बसले.

परतीच्या बसमध्ये लोहा गाव येईपर्यंत सर सत्काराच्या हारातली फुलं खुडत बसले. मग म्हणाले, "बोलणार होतो रे. गुरुजी रडले."

"होतं असं," मी म्हणालो. लाज वाटते ती मला या माझ्या उत्तराची.

'मग बघू' काही आलंच नाही. सुनीताचा प्रबंध चौथ्या प्रकरणासकट तसाच विद्यापीठात गेला.

* * *

तिची तोंडी परीक्षा झाली तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे तिच्या घरच्यांनी सगळ्यांचं जेवण आणलं होतं. आई डबे सांभाळत मागच्या बाकावर बसली होती, वडील माझ्या शेजारी.

हैदराबादहून आलेल्या परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं आणि इंग्रजीत विचारलं, हे सूत्र चुकीचं ठरलेलं आहे, तुमच्याकडे कुणीच तपासलं नाही? सूर्यवंशी सर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मला सगळं माहीत होतं. मी छताकडे पाहिलं.

सुनीतानं एकदा सरांकडे बघितलं. मग इंग्रजीतच म्हणाली, "सरांनी मला तपासायला सांगितलं होतं. मीच तपासलं नाही. चूक माझी आहे."

प्रकरण पुन्हा लिहा, मगच पदवी, असं परीक्षकांनी सांगितलं. वडिलांना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पोरगी काय म्हणली?"

"चूक झाली म्हणाली," मी सांगितलं.

ते उठले. सरांसाठी त्यांनी धर्माबादच्या बाजारातून टॉवेल, टोपी, नारळ आणला होता. पिशवीतून काढून ते सरांपुढे गेले.

"लेकरू हाय, सर. तिची चूक पोटात घाला."

सरांनी मान खाली केली. वडिलांनी टोपी सरांच्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी नीट सरळ केली.