जमादारानं न मागितलेले कागद

बायको गेल्यावर तिची गादी उन्हात टाकली, तवा जुन्या कापसाचा वास आला आणि ती गादी भरून देणारा बंगाली आठवला. त्या सालांत कापसाले भाव नव्हता, म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता, अन् तो चोरीले जायचा. बंगाली बायकोलेकरांसंग आमच्या ओसरीत राहायचा. त्यानं एकदा चोर पाहिले अन् ठाण्यातल्या जमादाराले नावं सांगितली. पुढच्याच आठवड्यात वरून हुकूम आला, बांगलादेशी हुडका. तो हद्दीच्या अलीकडचा की पलीकडचा, मलेही ठाऊक नव्हतं. जमादार दारात आला, अन् बंगाल्यापाशी एकही कागद नव्हता. संग आलेला सरपंच म्हणे, “उचला याले, जमादार!” जमादार म्हणाला, “काहून? यानंच मले चोर सांगितले. आज याले उचललं, त उद्या ठाण्यात कोण येईन? कागद पाहाचे असन त दिल्लीवाल्याइनं यावं.” माझी बायको पोलिसाले पाणी देत नसे, तिनं जमादाराले जावयाच्या कपात चहा देला. पुढं साहेबानं त्याची बदली केली. ती असती त म्हणाली असती, “कायले लिहून राह्यले? माणूस असाच असते.” नसते. मी लई पोलीस पाहिले.