चंद्रपूरची राख, लिमरिकचे बूट

शॅनन नदीवरचा पूल पायी ओलांडताना मी पर्समधली डबी पुन्हा पुन्हा चाचपत होते. डबीत धानाच्या तुसाच्या राखेपासून केलेल्या वड्या होत्या. डब्लिनच्या विमानतळावर "ही राख कुणाची?" असं कुणी विचारलं नाही, हे नशीबच.

वड्या माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी स्नेहल हिच्या. फ्लोराइडच्या पाण्याने तिच्या गावच्या पोरांचे दात पिवळे पडलेत आणि या वड्या ते फ्लोराइड धरून ठेवतात, असं तिचं म्हणणं आहे. वडीत पुरेशी सूक्ष्म छिद्रं दिसली तर तिचं काम पुढे सरकणार होतं. नाही तर चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजची संशोधन समिती ते गुंडाळायला टपलेलीच होती.

मी सुट्टीत आयर्लंडमधल्या लिमरिकला लेकीकडे आले होते. मधुरा इथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. "आई, युनिव्हर्सिटी बाहेरच्यांनाही मशिन्स वापरू देते. मी स्लॉट बुक केलाय. टेन्शन नको घेऊस, सगळं ग्रँड (मस्त) होईल," असं म्हणून ती मला विद्यापीठाच्या दारात सोडून कामाला गेली.

हे मोठं सरकारी विद्यापीठ नदीच्या दोन्ही काठांवर पसरलं आहे. एका इमारतीत औषधांच्या स्फटिकांवर काम, दुसरीत विमानाच्या हलक्या भागांवर. कॅन्टीनमध्ये गरम सूप आणि लोण्याचा जाड थर दिलेला ब्राउन ब्रेड खाल्ला. शेजारच्या टेबलावर एक प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी तावातावाने भांडत होते, आणि प्राध्यापकच हरत होते. मला गंमत वाटली.

प्रयोगशाळेच्या दाराशी मात्र माझा हात सवयीने पायाकडे गेला. आपल्याकडे महागडं यंत्र म्हणजे देवघरच. मी सँडल काढून भिंतीशी नीट लावल्या आणि साडी सावरत नुसत्या मोज्यांवर आत शिरले.

"थांबा, थांबा! बूट कुठे तुमचे?" ओर्ला ओरडली. इथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सगळी जबाबदारी तिच्यावर. मी धावत सँडल घालून आले, तर तिने पुन्हा मान हलवली. बोटं उघडी राहतील असं काही इथे चालत नाही. स्लॉट गेला तर परतीच्या आधी दुसरा मिळणार नव्हता.

ओर्ला तडक तिच्या गाडीकडे गेली आणि स्वतःचे वेलीज (गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट) घेऊन आली. "गोठ्यातले आहेत, पण धुतलेत. यू आर ग्रँड!"

रेशमी साडी आणि गोठ्यातले बूट! मी डबडब आवाज करत आत गेले. ओर्लाने चित्र स्पष्ट यावं म्हणून वडीच्या तुकड्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवला, तो यंत्रात ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"मी?" मी विचारलं. आमच्याकडे असं यंत्र दूरच्या मोठ्या संस्थेत; नमुना खिडकीतून द्यायचा आणि महिनोन्महिने वाट बघायची.

"सॅम्पल तुमचं, तर बघणार कोण? मी आहे शेजारी."

या यंत्राची आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले, पण हात कधी लावला नव्हता. मी बटण हलकेच फिरवलं. पडद्यावरचं धुकं हळूहळू विरलं आणि छिद्रं दिसली. मधाच्या पोळ्यासारखी, एकाला लागून एक. माझे डोळे भरून आले.

तिथूनच स्नेहलला फोन लावला. "दिसले का जी, मॅडम?" तिने उचलताच विचारलं.

"भरपूर दिसली गं!"

पलीकडून बराच वेळ फक्त रडणं ऐकू आलं. ओर्लाने काही न विचारता टिश्यूचा डबा माझ्यापुढे ठेवला.

चंद्रपूरला परतल्यावर छिद्रांचे फोटो पाहून समितीने कामाला मान्यता दिली. त्याच दुपारी मी आमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकावरचं भरतकामाचं झाकण काढलं आणि शेजारची 'हात लावू नये' ही पाटीही. दारात स्नेहल चपला काढत होती.

"अगं, उद्यापासून बूट घालून ये," मी म्हटलं, "आणि त्या खुर्चीत बस."

"मी, मॅडम?"

"सॅम्पल तुझं, तर बघणार कोण?"