बागेच्या गेटवरचा नवरो

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की डोळ्यांसमोर कोणी गुन्हेगार येत नाही, माझाच चढलेला आवाज कानात वाजतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळांवर ओरडलो. बहुतेक त्या लायकीचेच होते. हा एक नव्हता.

मी मूळचा बडोद्याचाच. आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. तेव्हापासून आमच्याकडे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराथी असा कारभार. पोलीस इन्स्पेक्टर म्हणून माझी शेवटची नेमणूक ज्या ठाण्यात झाली, त्याच्या हद्दीत शहरातली एक मोठी बाग येते. बागेचे नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. बागेत शिरायला पैसे पडत नाहीत, पण गेटजवळच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची तर पडतात. त्या वर्षी रविवारी दुचाकीला वीस रुपये होते. त्याचा परिणाम असा की रविवार आला की समोरच्या रस्त्यापलीकडच्या गल्ल्या गाड्यांनी गच्च भरायच्या आणि तक्रारी आमच्याकडे यायच्या.

मला राग यायचा तो लोकांचा. "गाडीत पेट्रोल घालायला पैसे आहेत, उभी करायला नाहीत होय?" असे मी सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर बोलून दाखवायचो. हाताखालचे माना डोलवायचे. साहेबाच्या बोलण्याला कोण नाही म्हणणार?

थंडीतला रविवार होता. साडेपाचच्या सुमारास एक जोडपे धापा टाकत ठाण्यात आले. नवरा एका कारखान्यात कंत्राटावर फिटर, साताऱ्याकडचा, बडोद्यात दोन वर्षे झालेली. बायको चारच महिन्यांपूर्वी गावाहून आलेली. त्यांची साडेचार वर्षांची मुलगी बागेच्या गेटवरून नाहीशी झाली होती. तिला मी इथे छकुली म्हणतो.

मूल हरवले की नुसती नोंद करून भागत नाही, थेट अपहरणाचा गुन्हा दाखल करायचा असतो. ठाणे अंमलदाराने टेबलावरच फिर्याद घ्यायला सुरुवात केली. मी वायरलेसवरून वर्णन सोडले: लाल स्वेटर, दोन वेण्या, पायात चपला. एक पथक बागेत पाठवले, गेटवर दोन कॉन्स्टेबल पाठवले. मग आईला समोर बसवले.

तिने सांगितले ते असे. येताना नवऱ्याने मायलेकींना गेटपाशी उतरवले आणि मोटरसायकल रस्त्यापलीकडच्या गल्लीत लावून आला. तासभर बागेत फिरून झाल्यावर तो गाडी आणायला पुढे गेला, या दोघी गेटपाशी थांबल्या. आईने मक्याच्या कणसाचे पैसे दिले, वळून पाहते तो पोर नाही.

"मग तुम्ही काय केलंत?"

"पार्किंगच्या माणसाला इचारलं. हातानं दाखवलं, एवढी पोरगी, लाल स्वेटर. तो म्हनला, नवरा घेऊन गेला. रस्त्याच्या पल्याड बोट बी केलं. मला वाटलं, बापामागं पळाली असंल, त्यानं नेली असंल संगं. मग मी उभी ऱ्हायले निवांत."

'निवांत' हा शब्द उच्चारताना तिला रडू फुटले. ती वीस मिनिटे निवांत उभी राहिली होती. गल्लीत नवऱ्याची गाडी दुसऱ्या गाड्यांत अडकली होती, ती काढून तो आला तो एकटाच.

आता कुठलाही पोलीस काय विचार करील? साक्षीदार म्हणतो, नवऱ्याने नेली. नवरा म्हणतो, मी नेली नाही. साक्षीदाराला गाठावे तर त्याची पाळी पाच वाजता संपली होती. तो डभोईचा, बसने घरी निघालेला, फोन बंद. डभोई पोलिसांना निरोप दिला की बसस्टँडवर त्याला उतरवून घ्या. गेटवर त्याच्या जागी आलेल्याला काहीच ठाऊक नव्हते.

त्यात मी आईला विचारले, घरात काही भांडण? ती म्हणाली की पोरीला गावी आजीकडे ठेवायचे असे नवऱ्याच्या मनात होते, तिने ठाम नकार दिला होता, सकाळीच त्यावरून वाजले होते. झाले! माझ्या डोक्यात गोष्ट पुरी तयार झाली. गल्लीत कोणी नातेवाईक उभा असणार, पोर त्याच्या हवाली केली असणार आणि आता हा नाटक करतो आहे.

नवऱ्याला मी आतल्या खोलीत घेतले. अर्धा तास सोडला नाही. मी हात लावला नाही, पण जीभ काही कमी नसते.

"कोणाकडे दिलीस?"

"साहेब, आईची शपथ, मी न्हाई न्हेली."

"गाडी पार्किंगमध्ये का नाही लावलीस? गल्लीतच का? तिथे कोण थांबलं होतं?"

"कोन न्हाई साहेब. वीस रुपये वाचत्यात म्हनून."

"वीस रुपये!" मी टेबलावर हात आपटला. "वीस रुपयांसाठी बायकोपोरीला रस्त्यावर उभी करून गेलास? बाप आहेस का कोण आहेस?"

तो इतका वेळ खाली बघत होता. आता त्याने वर पाहिले. डोळे लाल, पण आवाज शांत.

"साहेब, वीस रुपयांत तिची शेव-उसळ येते. पोरीला घेऊन सिनेमाला जाता येत न्हाई, मॉलात जाता येत न्हाई. बाग फुकट हाय, म्हनून तर दर रविवारी आनतो तिला. गेटवर पैसं घ्यायला लागले तवा गल्लीत लावाय लागलो. आता तुमीच सांगा काय करायचं व्हतं."

 मी आणखी जोरात ओरडलो. पोलिसाची ती जुनी खोड आहे, उत्तर सुचले नाही की आवाज वाढतो. त्याला तिथेच बसवून मी रागारागाने बाहेर आलो.

बाहेर बाकावर आई बसली होती, हातात न प्यालेला चहा. माझी लेडी कॉन्स्टेबल गुजराथी, मनाने फार चांगली. ती मला अदबीने म्हणाली, "साहेब, तमे नवरा पडो एटले बेनने मळी लेजो."

ते ऐकताच आई ताडकन उठली. चहा सांडला. "नवरा पडला? कुठं पडले? काय केलंत तुम्ही त्यास्नी?" आणि आतल्या खोलीकडे धावली.

कॉन्स्टेबल भांबावली. तिने साधे एवढेच म्हटले होते, की साहेब, तुम्ही मोकळे झालात की या बाईंना भेटून घ्या. गुजराथीत 'नवरो' म्हणजे रिकामा, काम नसलेला. आम्हा बडोदेकर मराठ्यांच्या घरात या शब्दावरून शंभर वर्षे विनोद चालले आहेत. शेजारची गुजराथी बाई "हुं नवरी छुं" म्हणाली की माझी आजी पदर तोंडाला लावून हसायची. लहानपणापासून ऐकलेला विनोद, आणि अर्धा तास तो माझ्या टेबलावर पडून होता, मला दिसला नाही. कपाळावर हात मारून घेतला मी.

"बाई, इकडे या. तुमचा नवरा ठीक आहे. मला आधी सांगा, पार्किंगवाला काय म्हणाला? तुम्ही मराठीत सांगू नका. त्याचेच शब्द सांगा, जसे ऐकलेत तसे."

तिने डोळे मिटले. "पेलो नवरो लई गयो."

"नवरो म्हणाला?"

"व्हय. हितं घोड्याला घोडो म्हनत्यात, म्हनून मला वाटलं नवऱ्याला नवरो म्हनत असतील."

चार महिन्यांत बिचारी एवढे शिकली होती, आणि तेवढेच तिला नडले. गुजराथी माणूस बाईला तिच्या नवऱ्याबद्दल कधी 'नवरो' म्हणणार नाही. 'तो रिकामटेकडा घेऊन गेला' असे तो म्हणाला होता. पार्किंगवाल्याने खरे तेच सांगितले होते. तिने ऐकले ते मराठीत, आणि मी, दोन्ही भाषा येणारा, मीही ते मराठीतच लिहून घेतले.

पण मग दुसरी बाजू दिसली. बापाने नेली असती तर पोर निदान सुखरूप असती. आता कोणी रिकामटेकडा साडेचार वर्षांच्या पोरीला घेऊन गेला होता, आणि सव्वा तास उलटून गेला होता.

गेटवरच्या कॉन्स्टेबलला फोन लावला. "तिथे कोणाला नवरो म्हणतात, विचार." मक्याची कणसे विकणारी बाई फोनवरच मोठ्याने बोललेली मला ऐकू आली. "ए तो अमारा नवराकाका!" प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ, घर घडियाळी पोळ नावाच्या जुन्या वस्तीत, बायको वारलेली. दुपारी तीनला यायचे आणि दिवे लागेपर्यंत गेटच्या कठड्यावर बसायचे. सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत, तेही ओ देत. माणूस चांगला, असे ती बाई म्हणाली. चांगला माणूस हे पोलिसाला पुरेसे नसते. मी स्वतः जीपमध्ये बसलो, नवरा-बायकोला मागे बसवले आणि पथकाला बागेसमोरच्या गल्ल्या एकेक करून पालथ्या घालायला सांगितले.

दहा मिनिटांत वायरलेस बोलला. "छोकरी मळी गई, साहेब!"

पथकाने पाहिले तेव्हा तिसऱ्या गल्लीत, दोन्हीकडच्या गाड्यांच्या रांगांमधून एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ चालले होते. खांद्यावर छकुली. प्रत्येक लाल मोटरसायकलपाशी ते थांबायचे, ती वाकून आरशाकडे बघायची आणि मान हलवायची. तिच्या बाबांच्या गाडीच्या आरशाला आईने हिरवा गोंडा बांधला होता, ती तो शोधत होती.

आम्ही पोचलो आणि उलगडा झाला. बापाच्या मागे ती रस्ता ओलांडून पळाली होती. काकांनी पाहिले, धावत जाऊन तिला गाड्यांमधून उचलले आणि बापाची गाडी शोधायला निघाले. त्यांच्याजवळ मोबाईल नव्हता. "एकदा गेटवर परत आलो होतो साहेब," ते गुजराथीत म्हणाले, "आई दिसली नाही. पावती फाडणारा नवा होता, त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, काका, बाजूला व्हा, मागे गाड्या आहेत." त्या वेळी आईबाप बागेत वेड्यासारखे हाका मारत फिरत होते.

आईने पोरीला घेतले. बाप मात्र जवळ गेला नाही. गल्लीच्या कडेला उकिडवा बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून ओक्साबोक्शी रडला. मी तिथेच उभा होतो. तेव्हा मी त्याची माफी मागायला हवी होती. मी चहा मागवला. आमच्या खात्यात माफीच्या जागी चहा मागवतात.

पुढचे कागदोपत्री काम झाले, गुन्हा रद्द करण्याचा अहवाल गेला. पण "बाग फुकट हाय, म्हनून तर आनतो" हे वाक्य काही गेले नाही. मी त्या गेटवर आयुष्यात कधी पैसे दिले नव्हते. सरकारी जीप, उलट सलाम मिळायचा. फुकट गाडी लावणारा मी, पैसे न देणाऱ्यांवर हजेरीला भाषणे ठोकत होतो.

बागेच्या पार्किंगला पैसे असावेत की नसावेत, असे मला लोक अजून विचारतात. सोपे उत्तर माझ्याकडे नाही. काहीच पैसे नव्हते तेव्हा बाजारातले दुकानदार सकाळी मोटारी लावून रात्री न्यायचे आणि मुलांना घेऊन आलेल्यांना जागा मिळायची नाही, हेही मी पाहिले आहे. दिवसभर गाडी ठेवणाऱ्याकडून घ्या की, चांगले दाबून घ्या. पण पोराला झोपाळ्यावर बसवायला दोन तास आलेल्याकडून घेतलेत, तर तो देत नाही, तो गल्लीत जातो. मग रस्ता ओलांडते ते पोर. हे मी तेव्हा वरिष्ठांना अहवालात लिहिले होते. त्यावर 'वाचले' असा शेरा आला. निरपराध माणसावर ओरडण्याआधी त्याने केलेला हिशेब आपल्याला करावा लागतो का, हे पाहावे, एवढे मात्र मी शिकलो. उशिरा शिकलो.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच रविवारी नातीला स्कूटरवरून त्या बागेत नेले. गेटवर वीस रुपये मोजले आणि खरे सांगतो, हात आखडला. पेन्शन चांगली आहे, तरी आखडला. नवराकाका आता मुलाकडे सुरतेला गेले आहेत, कठडा रिकामा होता. नात खेळायला गेली आणि मी तिथे टेकलो. तेव्हापासून दर रविवारी तिथे असतो. गल्लीत गाडी लावून येणाऱ्यांची मुले रस्त्यावर येतात, त्यांना थोपवतो. कणसेवाली मला 'नवरासाहेब' म्हणते. बायकोला हे कळल्यावर ती म्हणाली, "अहो, नवरे तर होतातच, आता नवरोही झालात!"

मागच्या महिन्यात एक जोडपे गेटातून बाहेर आले. सोबत आठेक वर्षांची मुलगी, दोन वेण्या. मी आधी ओळखले नाही, त्याने ओळखले. कपाळावर आठी आली, मग गेली. मी उठून उभा राहिलो. चार वर्षे गिळून ठेवलेले वाक्य एकदाचे काढले. "त्या दिवशी मी तुला फार बोललो. चुकलो मी. मला माफ कर."

त्याने रस्त्यापलीकडे बघितले, मग बायकोकडे, मग मुलीकडे. मुलीचा हात त्याने उचलला आणि माझ्या हातात दिला.

"साहेब, गाडी गल्लीत हाय. घेऊन येतो. तवर जरा बघाल का हिच्याकडं?"

"जा," मी म्हणालो, "सावकाश आण. मी नवरोच आहे."

त्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरले नाही.