शेगडीचं कुणी सांगितलं?

मी इंजिनिअर माणूस. भुतंखेतं, संकेत वगैरे निघालं की विषय बदलतो. पण हे माझ्याच फोनवर घडलंय, म्हणून लिहितोय.

आम्ही परदेशात, टाकानिनीला राहतो. बाबा गेल्यापासून आई पुण्यात एकटी. बाथरूममध्ये दोनदा पडली, तरी इकडे यायला तयार नाही. मी चिडायचो, ती फोन ठेवायची. शेवटी एआयला आमची सगळी भांडणं सांगितली. अंगणातली सुटी खोली, म्हणजे आमचं स्लीपआउट, तिला देऊ हेही सांगितलं. म्हटलं — आता तूच तिला तयार कर. ते लिहायचं, मी माझ्या नावाने आईला पाठवायचो.

"बाबा, दॅट्स नॉट ओके. आजी थिंक्स इट्स यू," माझी मुलगी रेवा म्हणाली. मी ऐकलं नाही.

एआय माझ्यासारखं रेटत नव्हतं. विचारायचं, थांबायचं, एखादा मुद्दा सोडून द्यायचं. आई मोकळी बोलू लागली. एका रविवारी मी न वाचताच एक मेसेज पुढे पाठवला... आणि लगेच तिचा फोन.

"शेगडीचं तुला कुणी सांगितलं?"

मेसेज उघडला. 'स्लीपआउटमध्ये तुझी वेगळी शेगडी असेल. खिडकीखाली, रस्ता दिसेल अशी. काय शिजवलंस, कुणी विचारणार नाही.'

"सुनेच्या घरात वेगळी चूल कुठल्या तोंडाने मागू?" आई म्हणाली. "फक्त ह्यांच्याशी बोलले होते मी. दवाखान्यात. अगदी खिडकीसकट." मग हळूच, "येते मी."

सगळं चॅट परत वाचलं. शेगडीचा उल्लेख नाही, खिडकीचा नाही. मला माहीतच नव्हतं, तर लिहिणार काय? एआयला विचारलं, तर म्हणे अंदाज. शेगडीचा अंदाज समजू शकतो... पण रस्त्याचा? आणि आमच्या स्लीपआउटला रस्त्याकडे खिडकीच नाही.

आई हो म्हणाली होती. गप्प बसणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"आई, ते मेसेज माझे नव्हते. मशीनने लिहिले."

"तरीच. म्हटलं, हा एवढं ऐकून घ्यायला कधी शिकला."

"आणि खिडकीही नाहीये, आई."

"मग ती तरी तू कर. तोवर तिकीट काढू नकोस."

शनिवारी बिल्डर येतोय. रस्त्याकडची भिंत कापायची, हे ठरलंय. आईला मी आता स्वतः फोन करतो, आणि बहुतेक वेळ ऐकतो. पण बाबांपाशी बोललेलं त्या मशीनपर्यंत कसं पोचलं, हे मला आजही सांगता येत नाही... आणि आई तर विचारतही नाही.