अखंड भिंत आणि पप्पांची बोट

खाडीच्या भिंतीचं श्रेय घेणारे बॅनर पुढाऱ्यांनी लावले. भिंत आमच्या खाडी वाचवणाऱ्या ग्रुपने आणली. पत्रकं मी लिहिली, सह्या आम्ही गोळा केल्या, डंपरसमोर आम्ही बसलो. तरी त्या भिंतीकडे बघून मला जिंकल्यासारखं वाटत नाही. कारण ठाकुर्लीला आमच्या बिल्डिंगखाली, जिथे बाकीच्यांच्या स्कूटर लागतात तिथे, ट्रॉलीवर पप्पांची बोट उभी आहे.

शिडाची, लाकडी, तीन माणसं जेमतेम मावतील एवढी. मुंबईच्या कुठल्याशा क्लबने मोडीत काढलेली. मी शाळेत असताना पप्पा ती टेम्पोत घालून घेऊन आले. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते ते. कॉलेजात असताना शिडाची बोट चालवायला शिकलेले, मग नोकरी लागली, लग्न झालं, मी झाले. आपल्या डोंबिवलीच्या खाडीत एकदा शीड लावायचं, एवढीच त्यांची इच्छा. दुसरा काही शौक नाही माणसाला.

"काका, पूर आला की आम्हाला घ्याल ना?" दुसऱ्या मजल्यावरचे हमखास विचारायचे.

"मेन्टेनन्स वेळेवर भरणाऱ्यांना आधी," पप्पा खालूनच सांगायचे.

रविवार म्हणजे बोट. जुना रंग खरवडायचा, कुजलेली फळी काढून नवी बसवायची, सांध्यात कापसाची दोरी ठोकायची, वर पुट्टी. लोखंडी स्क्रू गंजले म्हणून पितळी आणले. कप्प्या उघडून साफ केल्या. शीड फाटलेलं होतं, ते आईच्या मशीनवर शिवलं, सुया मोडल्या तेव्हा आईने ऐकवलं, "घरातल्या नळाचा वॉशर बदलायला यांना तीन महिने लागतात, आणि बोटीला वार्निशचा अजून एक हात!"

तो 'अजून एक हात' कधी संपायचाच नाही. मी म्हणायची, "पप्पा, चला ना आता, तरंगेल ती." ते म्हणायचे, "थांब गं, सुकाणू जरा अडतंय." सुकाणू सुटलं की डोलकाठीला चीर दिसायची. आणि दर उन्हाळ्यात फळ्या वाळायच्या, सांधे पुन्हा उघडायचे. लाकडी बोट पाण्यात राहिली की लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. जमिनीवर ठेवली की दर वर्षी तेच काम. हे पप्पांनीच मला समजावलेलं, तरी ती जमिनीवरच राहिली.

मधल्या काळात खाडीत डेब्रिज पडायला लागलं. पाडलेल्या बिल्डिंगींच्या विटा, टाइल्स, कमोडसुद्धा. तिवरं गाडली जात होती आणि महापालिकेच्या ऑफिसातले साहेब म्हणत होते, लेखी तक्रार द्या. दिल्या. ढिगाने दिल्या. शेवटी काठाला भिंत बांधायची मागणी करायचं ठरलं. त्या मीटिंगला पप्पा आले होते. मध्ये गेट ठेवायचं का, असा विषय निघाला तर हेच उभे राहिले. "एकही वाट ठेवू नका. वाट ठेवलीत की डंपर शिरलाच. अखंड भिंत मागा." ड्राफ्ट्समन तो! टाळ्या पडल्या. मी पत्रकात 'अखंड' मोठ्या ठशात छापलं. बोट कुठून उतरवायची, हे तिथे कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्याही नाही.

गेल्या थंडीत पप्पा म्हणाले, "झाली." मला खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरिंग टेप घेऊन आम्ही खाडीवर गेलो, ट्रॉली उतरवायच्या उताराची रुंदी मोजायला. उतार होता. भिंतीच्या पलीकडे. अलीकडे छातीएवढं काँक्रीट, त्याला लागून फरसबंदी, त्यावर वॉकवाले हात हलवत चाललेले. पप्पांनी टेप भिंतीवर ठेवला, थोडा ओढला आणि तसाच सोडला. तो खटकन आत गेला.

"मीच म्हणालो होतो ना गं?"

मी भिंतीवरचा टेप उचलून पिशवीत टाकला.

पुलापलीकडच्या जेट्टीला नुसत्या पायऱ्या आहेत, ट्रॉली उतरत नाही. ठाण्याला नेऊ म्हटलं, तर म्हणाले, "प्रत्येक वेळी टेम्पो? दुसऱ्याच्या गावात जाऊन सायकल फिरवण्यासारखं आहे ते." मी महापालिकेच्या ऑफिसात गेले, तर साहेबांनी आमचंच पत्रक पुढे सरकवलं. "मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय. अखंड." हसत होता. आमच्या दहा तक्रारी न वाचणाऱ्या माणसाने नेमकं हे वाचलेलं!

मग मी आमच्या ग्रुपची मीटिंग बोलावली. मागणी साधी: उतारापुरती भिंत फोडा, कुलूपवालं गेट लावा. कोणी म्हणालं, "चावी कोणाकडे?" कोणी म्हणालं, "कुलूप तोडायला डंपरवाल्यांना किती वेळ लागतो गं?" आणि एकाने तोंडावर विचारलं, "हे खाडीसाठी की तुझ्या पप्पांसाठी?"

"पप्पांसाठी," मी म्हणाले. "मग? खाडी काय नुसती लांबून बघायला वाचवली आपण?"

मतं बरोबरीत पडली. पप्पा मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, त्यांचं मत राहिलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. गेटच्या बाजूने कोण, असं पुन्हा विचारलं गेलं. त्यांचा हात मांडीवरच राहिला. विरोधात कोण म्हटल्यावर त्यांनी तो वर केला, शाळेतल्या पोरासारखा, सरळ.

घरी येताना मी भांडले. भर रस्त्यात. "एवढी वर्षं काय केलंत मग? स्वतःच्याच विरोधात मत?"

"तिवरांना नवी पानं आलीत," ते म्हणाले. "बघितलीस ना?"

बघितली होती. तेच तर. ते चुकले असते तर त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं मी.

आता पुन्हा ऊन तापलंय. फळ्या वाळतात, सांध्यात नख जाईल एवढ्या भेगा दिसतात. पप्पा वाकत नाहीत पूर्वीसारखे, गुडघे गेलेत, म्हणून बोटीवर ओली गोणपाटं मी टाकते. खाडी इथून चालत जाण्याएवढी जवळ, आणि आम्ही नळाखाली बादली लावतो.

"टोकाकडे घाल," पप्पा खुर्चीवरून सांगतात. "टोक लवकर वाळतं."

मी टोकाकडे घालते. पाणी फळ्यांवरून ओघळतं, ट्रॉलीखालून पार्किंगच्या गटारात जातं. तिथून ते खाडीलाच मिळतं म्हणे.