सत्यनारायणाने राखलेली लाइन

बनारसच्या गल्लीत शिरलो आणि समोरून सांड आला. मी बाजूला झालो असे लिहिणार होतो, पण बाजूच नव्हती. सांडाने मला शिंगांवर घेऊन थेट रामघाटाला आणून सोडले. तिथे आईचे मावसभाऊ दामूमामा राहतात, पिढीजात भिक्षुक.

दारातच त्यांची लेक सुमन. संस्कृतात एम.ए. "दादा, चहा नंतर! आज आखरी तारीख आहे." जर्मनीतल्या विद्यापीठाला शिष्यवृत्तीचा अर्ज जायचा होता, तोही फक्त ईमेलने. 'मिनिटाभराचे काम', असे तिथल्या बाईंनी कळवले होते. तिथे असेलही! इथे अख्ख्या मोहल्ल्यात इंटरनेटचा एकच संगणक, पांडेजींच्या दुकानात, आणि त्याला झेंडूचा हार घातलेला.

मोडेम असा किंचाळला की घाटावरच्या माकडांनी ओ दिली. अर्ज निम्मा गेला आणि लाइन तुटली.

"अम्मा ने फिर फोन उठा लिया!" पांडेजी कपाळ बडवत म्हणाले. दुकानाचा आणि वरच्या घराचा फोन एकच. वर कोणी रिसीव्हर उचलला की खाली जर्मनी गायब. अम्मा झाली, मग मोठी सून, मग धाकटी.

"मना कर दीजिए न, चाचा!" सुमन रडकुंडीला आली.

"बिटिया, अम्मा को? हमें इसी घर में रहना है."

दामूमामांनी उपरणे झटकले. "पांडेजी, ऊपर सत्यनारायण मांडता हूँ. शिरा भाजायला सांगा!"

कथेतून प्रसाद न घेता उठायची कोणाची छाती आहे? सगळे घर हात जोडून बसले. मी दाराशी. चौथ्या अध्यायात अम्मांचा हात फोनकडे सरकला.

"और कलावती के पति की नाव डूब गई!" मामा असे गरजले की गंगेतल्या नावाड्यांनी वल्ही टाकली. हात मागे आला. पाचवा अध्याय मामांनी दोनदा सांगितला, तिसऱ्यांदा सुरू करणार तोच खालून सुमन ओरडली, "गेला! दादा, गेला!"

मी निघालो त्या दिवशी उत्तर आले: अर्ज वेळेत मिळाला, मुलाखतीची वेळ कळवू, रोज ईमेल पाहत राहा.

"रोज?" मामा फलाटावर म्हणाले. "मग भागवत सप्ताहच लावतो."

गाडी हलली. सुमन खिडकीबरोबर धावत हसत होती. "दादा, त्या बाईंना इथलं मिनिट केवढं असतं ते कोण सांगणार?"

"तूच," मी ओरडलो, "तिथे जाऊन!"