मामेसासऱ्यांची विहीर

जगातली झाडून सगळी संकटं पाण्याच्या चुकीच्या वाटपामुळे येतात, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं भाग्य असं की तेच माझे मामेसासरे निघाले. देवळाली प्रवरेला त्यांचं घर. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी करून ते निवृत्त झाले. म्हणजे खात्याने तसं मानलं, त्यांनी नाही. घरात न्हाणीघराच्या पाळ्या ठरलेल्या. उशीर करणाऱ्याची पाळी बुडाली, मग तो जावई का असेना. कालव्याचं पाणी आधी शेवटच्या टोकाच्या शेताला, म्हणजे टेलला, द्यायचं आणि मग वर वर चढत तोंडाशी यायचं, हा खात्याचा नियम त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीलाही लावला. जिलेबीचं ताट निघालं की मामा आडवे. "आधी टेल! तोंडाशी बसलेले काय उपाशी मरत न्हाईत." टोकाला बसलेल्या बँडवाल्यांनी मागून मागून जिलेबी खाल्ली, आणि तोंडाशी बसलेला मी, नवरदेव, मठ्ठा पिऊन उठलो.

मामांच्या पुण्याच्या मुलाने नवा कॉम्प्युटर घेऊन जुना देवळालीला पाठवला, तेव्हा तो टीव्हीशेजारी शोभेला राहील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्याच सुमाराला मामींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि मामी तर रविवारच्या शब्दकोड्यावर जगणारी बाई! पाहुणे आले तरी कोडं संपल्याशिवाय चहाचं आधण चढायचं नाही. आता पेपरातली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसू लागली, मग मुंग्याही दिसेनात. भिंगाने हात टेकले. एका रविवारी मामींनी न उघडताच पेपर फडताळात ठेवला आणि म्हणाल्या, "संपलं आमचं. आता भाजी निवडायची." हे वाक्य मामांच्या असं जिव्हारी लागलं की ते दुपारचे झोपले नाहीत.

त्यांनी तोड काढली. चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये कालव्याचा नकाशा आखावा तसं कोडं आखायचं आणि एकेक अक्षर भाकरीएवढं करून पडद्यावर आणायचं. कल्पना झकास होती, पण यंत्राचा जीव लहान. एवढं मोठं चित्र उघडायला लागलं की ते धापा टाकायचं, आतून खरखर आवाज यायचा आणि अर्ध्या चौकटीवर पडदा थिजायचा. मामी खुर्चीत मान पुढे काढून बसलेल्या.

"आलं का?"

"येतंय."

"आलं का हो?"

"अगं, टेलला पोचायला वेळ लागतो!"

मुलाला फोन करकरून मामांनी रोगाचं निदान केलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "जावईबापू, मेमरी म्हंजी कालवा. त्यो कमी पडला की हे बेनं हार्ड डिस्कवर जातंय. ती आपली विहीर. व्हर्च्युअल मेमरी म्हनत्यात तिला. तिथं मोट चालती, म्हनून खरखर." तेव्हापासून यंत्राने आवाज काढला की मामी आतून म्हणायच्या, "गेलं बघा विहिरीवर."

इथवर सगळं ठीक होतं. पण या विहिरीला डिस्कवर जागा किती द्यायची, हे विंडोजला ठरवू द्या, अशी त्या यंत्राचीच शिफारस होती, आणि मामा खवळले. "गेटाची चावी परक्याच्या हातात? जमायचं न्हाई!" विहीर कशी खोल पाहिजे म्हणून त्यांनी रिकामी होती तेवढी सगळी डिस्क तिला देऊन टाकली. पुढच्या रविवारी सकाळभर खपून कोडं आखलं, साठवायला गेले, तर यंत्र म्हणालं, जागा नाही. स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "अख्ख्या रानाची विहीर केलीत, आता ऊस काय पत्र्यावर लावता?"

मामा दुसऱ्याच दिवशी एसटीने नगरला माझ्याकडे आले आणि मला घेऊन दिल्ली दरवाज्याजवळच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्या यंत्राला मेमरीच्या पट्ट्या जोडीनेच लागतात. एकटी चालत नाही."

"म्हंजी बैलजोडी!" मामांचा चेहरा उजळला. "मग सारखी द्या. एक थोराड, एक बारका नको."

दुकानदाराने वर सांगितलं, अंगात वीज साठलेली असते, आत हात घालण्याआधी लोखंडाला हात लावा. त्याला बिचाऱ्याला माणूस कोण आहे हे ठाऊक नव्हतं. परतीच्या एसटीत मामांनी शेजारच्या बाईला तिची कोंबडी मागच्या सीटखाली न्यायला लावली, कारण पिसांत वीज असते. घरी आल्यावर तर फर्मानच निघालं : उंबरा ओलांडला की आधी खिडकीच्या गजाला हात, मग बाकीचं. पोस्टमनने लावला, दूधवालीने लावला. "मी काय चुलीपासनं उडून त्या डब्यात पडनार हाय का?" असं म्हणत मामींनीही लावला.

पट्ट्या बसल्या. विहीर बेताची ठेवली, अडीअडचणीपुरती. मामांनी कोडं उघडलं आणि ते खरखर न करता, एका दमात, शेवटच्या चौकटीपर्यंत पडद्यावर आलं. मामी पुढे झुकल्या. मग हळूहळू वाचू लागल्या, "उभा शब्द. हेकट माणूस." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, ह्यांचं नाव घालू का? बसतंय बरोबर."

मामा रागावले नाहीत. त्यांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. चारीतलं पाणी पुढे सरकतंय का बघावं, तसे ते मामींच्या डोळ्यांकडे बघत होते.

अशी एक-दोन वर्षं मिळाली. मग नजर गेलीच. कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल आला. पण रविवार मोडला नाही. मामा पेपरातून शब्द वाचून दाखवायचे आणि मामी सगळं कोडं डोक्यात मांडून सोडवायच्या. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा हाच कारभार चालू होता. मामांनी वाचता वाचता वर पाहिलं, मला पाहून हसले, तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. मी कोण ते चेहऱ्याला कळलं होतं, जिभेला सापडत नव्हतं. मी सांगायला लागणार, तेवढ्यात मामींनी माझ्या दिशेला हात वर केला. शांतता त्यांना बरोबर ऐकू आली होती.

"सांगू नका. विहिरीवर गेलेत. येतील."

आम्ही दोघं थांबलो. मामांच्या कपाळावर आठ्या चढल्या, उतरल्या. मग त्यांनी बोट उगारलं.

"जावईबापू! आधी गजाला हात लावा."

मी मुकाट्याने खिडकीशी गेलो आणि लावला.